खाजणावरचं कॉलेज

बायजाबाईंनी वीस वर्षं धरमतरच्या खाडीकाठच्या मिठागरात मीठ ओढलं. १९९४ साली तिथल्याच खाजणात, भरतीचं पाणी शिरणाऱ्या चिखलात, भराव टाकून खासगी इंजिनिअरिंग कॉलेज उभं राहिलं, आणि त्यांना शिपायाची नोकरी लागली.

दोन वर्षांनी खांबेटे सर प्राचार्य होऊन आले आणि कॉलेजचा नूरच पालटला. सही करून पेणला पळणारे मास्तर आता संध्याकाळपर्यंत थांबू लागले. बायजाबाईंना तर सरांनी स्वतः रोज समोर बसवून अक्षरओळख करून दिली. वर्षभरात यंत्रशाळेच्या किल्ल्या त्यांच्या हाती आल्या. सरांसाठी जीव टाकणारी माणसं जागोजाग तयार झाली. ‘नाही’ म्हणणारं मात्र एकही उरलं नाही.

मग सरांनी यंत्रशाळेवर मजला चढवला. तेव्हापासून दारं चौकटीत अडकू लागली. उधाण आलं की भिंतीच्या कडेला मिठाचा पांढरा थर फुटायचा. तपासणीला आलेल्या समितीतल्या एकाने भरावाबद्दल विचारलं, तेव्हा सरांनी हसत बायजाबाईंना पुढे केलं. या याच मातीत वाढल्यात, म्हणाले, यांनाच विचारा.

“घट्ट हाय जमीन,” बायजाबाई म्हणाल्या. सरांकडे बघून दुसरं काही तोंडातून निघेचना.

श्रावणातल्या अवसेच्या आदल्या दिवशी भिंतीची भेग इतकी रुंदावली, की त्यांची बोटं आत गेली. त्यांनी ती यंत्रशाळेत शिकवणाऱ्या जितेश मास्तरांना दाखवली. मास्तरांनी ती आधीच पाहिली होती. दोनदा सिमेंटने बुजवलीही होती. बायजाबाई सरांकडे गेल्या. सर रागावले नाहीत. तुमचाच विश्वास डळमळला तर पोरांनी कोणाकडे बघायचं, एवढंच हळू आवाजात विचारलं.

अवसेला दुपारी बाराचं उधाण होतं आणि त्याच वेळेला मुलींचं प्रात्यक्षिक. बायजाबाई कुलूप घालून उंबऱ्यावर बसल्या. पंधरा मुली अंगणात ताटकळत राहिल्या. शेवटी सर आले.

“किल्ली द्या.”

“नाय देणार, सर. त्या तपासणीला मी खोटं बोलले.”

सरांनी हातोडा आणायला माणूस पाठवला. तो परतायच्या आत पायाखालून जड घरघर आली. बायजाबाईंनी मुलींना हाकलत अंगणापलीकडे नेलं. मागे यंत्रशाळेची जमीन खचली आणि वरचा मजला तिच्यावर बसला.

आठवड्याने सरांनी सगळ्यांना एकत्र बोलावलं. या आघाताने आपल्याला एक कुटुंब केलं, आपण याच जागी पुन्हा उभारू, असं ते गहिवरून बोलले. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या पंधराजणीही टाळ्या वाजवत होत्या.  बायजाबाईंनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि कासूला लेकीकडे निघून गेल्या.

पुढच्या जूनमध्ये शेजारच्या नाथाच्या मुलीला, दीपिकाला, त्याच कॉलेजात प्रवेश मिळाला. बायजाबाईंनी त्याला बसवून सगळं सांगितलं. नाथाने शांतपणे ऐकून घेतलं.

“खांबेटे सर हायत ना तिथं,” तो म्हणाला. “मग कसली भीती गो, बायजाबाय?”