ए सेप्टिक

आमच्या घरात डोकेदुखीला कुणी आजार म्हणत नाही. वडगावात विणकराचं घर, पुढच्या सोप्यात दोन माग दिवसभर खटखटतात. अशा घरात डोकं कुणाचं दुखत नाही? म्हणून त्या मार्चमध्ये माझी धाकटी जाऊ मागाच्या कांड्यांवर सूत भरायचं काम अर्धवट टाकून उठली आणि तोंडावर पदर घेऊन आत पडली, तेव्हा मी शाळेला निघता निघता उंबऱ्यातूनच टोमणा मारला, "पेपरांचे गठ्ठे माझ्या डोक्यावर, आणि दुखतंय मात्र तुझं डोकं. बरं आहे बाई!"

ती कधीच उलटून बोलायची नाही, आणि मला नेमका त्याचाच राग यायचा. मी चंदगडकडची, एकाला चार ऐकवणारी. ती निपाणीची, कन्नड शाळेत शिकलेली, कुणाच्या अध्यात ना मध्यात. चार वर्षं एका चुलीवर स्वयंपाक करूनही तिच्या मनात काय चालतं याचा मला पत्ता नव्हता.

वास्तविक तिचे माझ्यावर ताजे उपकार होते. जेमतेम तीन आठवड्यांपूर्वी माझ्या मुलीला गालगुंड झालं होतं. दोन्ही गाल टम्म, घास गिळवेना. दहावीच्या परीक्षा तोंडावर आल्यामुळे मला रजा नव्हती. जावेनंच तिच्या गालांना गेरूचा लेप लावला, पेज भरवली, पेल्यात उरलेलं उष्टं दूध टाकवेना म्हणून स्वतः प्यायली. पोरगी बरी होऊन उड्या मारायला लागली आणि मी ते सगळं विसरूनही गेले.

दुसऱ्या दिवशी जावेला ताप भरला आणि उलट्या सुरू झाल्या. उलटी बघितल्यावर आत्तींचा, म्हणजे आमच्या सासूबाईंचा, चेहरा उजळला. "कधीपास्नं गं?" त्यांनी हळूच विचारलं आणि चिंचेची बरणी काढून तिच्या उशाशी ठेवली. लग्नाला चार वर्षं झाली होती, त्यांचा तरी काय दोष? जाऊ मात्र खिडकीला चादर लावा, उजेड डोळ्यात टोचतोय, एवढंच म्हणत होती. मागाच्या आवाजानं ती कळवळायची, म्हणून दिरानं तिसऱ्या दिवशी दोन्ही माग बंद केले. आमच्या घरात माग बंद पडतात ते सणाला नाहीतर सुतकाला. ती शांतता मला सहन होईना.

मी तिच्यापुढे ताट ठेवलं. ती ताटाकडे बघेना. मला वाटलं, नखरे. मग लक्षात आलं, तिची मानच खाली येत नव्हती.

"हनुवटी छातीला लाव बघू," मी म्हटलं.

"न्हाय जमत आक्का. मागनं कुणी तरी वडून धरल्यागत हुतंय."

मी ताट उचललं आणि दिराला रिक्षा आणायला पाठवलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी तिच्या डोक्याखाली हात घालून मान उचलली, तर तिचे गुडघे आपोआप वर आले. त्यांनी तिला नाव विचारलं, वार विचारला, तिनं सगळं नीट सांगितलं. शुद्ध आहे हे चांगलं लक्षण, ते म्हणाले. पण मेंदूवरच्या आवरणाला सूज दिसतेय, आणि ती कशानं आली हे बाहेरून कळत नाही. पाठीच्या कण्यातलं पाणी काढून तपासावं लागेल; तोवर सलाईनमधून औषध सुरू ठेवू.

झालं! आत्तींनी तिथंच ठाण मांडलं. "पाठीतलं पाणी काढायचं न्हाय. पिरनवाडीच्या एका बाईचं काढलंतं, ती परत उठलीच न्हाय. लुळी पडती बाई." त्या बाईला मुळात कसला आजार होता, हे आत्तींना ठाऊक नव्हतं; पण अशा गोष्टी कुणी तपासून घेत नाही. दीर संमतीचा कागद हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. घरात कॉलेज शिकलेली मी एकटी, त्यातून मास्तरीण.

"सही कर," मी म्हटलं.

"वैनी, तुमी म्हणतासा म्हणून करतोय बरं का," तो म्हणाला.

ते वाक्य मला सुईसारखं टोचलं. पण सही झाली, पाणी काढलं गेलं, आणि आत्ती दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी डबा घेऊन गेले. दीर औषधं आणायला खाली गेला होता. जाऊ डोळे मिटून पडली होती. कॉटच्या पायथ्याशी फाईल होती. दुसऱ्याची फाईल वाचू नये हे मला कळतं, पण मी वाचली. डॉक्टरी अक्षर, अगडबंब इंग्रजी. त्यात एक शब्द ओळखीचा निघाला: सेप्टिक. त्याच्या आधी, जराशी जागा सोडून, एक ए.

सेप्टिक म्हणजे काय, ते मला शिकवायला नको. मी नववीत असताना माझ्या वडिलांच्या पायात बाभळीचा काटा मोडला, पाय सेप्टिक झाला आणि महिन्याच्या आत ते गेले. आणि ए? मी अख्खं आयुष्य ए तुकडी, ए ग्रेड असं लिहीत आलेली बाई. ए म्हणजे पहिल्या नंबरचं, सगळ्यांत वरचं. माझ्या मुलीचं दुखणं हिनं काढलं, हिच्या डोकेदुखीला मी ढोंग ठरवलं, सही मी करायला लावली, आणि आता ए सेप्टिक.

मी कॉटवर बसले, तिचा हात धरला आणि रडायला लागले. मला रडता येत नाही, माझं नाक वाहतं आणि आवाज फाटतो. तशातच सगळं बोलून टाकलं. "मी तुला ढोंगी म्हणाले. मनात तर त्याहून वाईट म्हणाले. तू माझ्या पोरीचं केलंस, आणि मी तुला साधं 'बरी आहेस का' विचारलं नाही. मला माफ कर गं. तू बरी हो फक्त, मी तुला कांडीसुद्धा भरू देणार नाही." दोन तास मी तिथून हलले नाही. तिचे केस विंचरले, ओल्या फडक्यानं पाय पुसले, माझ्या वडिलांचंसुद्धा सांगितलं, जे मी नवऱ्यालाही कधी धड सांगितलं नव्हतं. ती डोळे मिटून माझा हात घट्ट धरून ऐकत होती.

बारा वाजता डॉक्टर आले. मी दारातच त्यांना गाठलं आणि दबक्या आवाजात विचारलं, "डॉक्टर, ए सेप्टिक म्हणजे... किती दिवस?"

त्यांना आधी कळेना. मग ते हसले, पण चांगल्या मनानं. "बाई, तो एकच शब्द आहे. ॲसेप्टिक. तो ए म्हणजे आपला अ. अशक्त, अज्ञान, तसा. सेप्टिक नसलेला. पाण्यात पू करणारे जंतू नाहीत, त्यातली साखरही ठीक आहे. असा मेंदूज्वर बहुतेक वेळा विषाणूंनी येतो. घरात इतक्यात कुणाला गालगुंड झालं होतं का?"

मी मुलीचं सांगितलं. गालगुंडाचा विषाणू असाही मेंदूच्या आवरणापर्यंत जातो आणि गाल सुजलेच पाहिजेत असं नाही, ते म्हणाले. क्षयानंही अशी सूज येते, तो संशय मिटेपर्यंत लक्ष ठेवू. बाकी अंधार, विश्रांती, पाणी आणि दुखण्यावर औषध. बहुतेक माणसं आठवड्या-दोन आठवड्यांत उठतात.

वीस वर्षं मी मुलांकडून नञ्‌तत्पुरुष समास घोकून घेते. 'अ'चा अर्थ 'नाही', हे फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल! आणि वेळ आली तेव्हा तोच अ मला ओळखता आला नाही. मी तिथंच भिंतीला टेकून आधी हसले, मग परत रडले. आत्तींना सांगितलं तर त्यांनी हात जोडले, आणि मग म्हणाल्या, "व्हय, पर चिंच आता कोण खानार?"

दहाव्या दिवशी जाऊ घरी आली. डोकं अधूनमधून दुखायचं, लवकर थकायची, पण पाय शाबूत, मान शाबूत. माग सुरू झाले. महिनाभरानं एका दुपारी आम्ही दोघी शेंगा फोडत बसलो होतो. माझ्या मनात एक राहून गेलेलं होतं, ते मी विचारलं.

"त्या दिवशी मी तशी रडले, तेव्हा तू किती घाबरली असशील गं."

"न्हाय आक्का," ती म्हणाली. "मला ठावं हुतं. सिस्टर सकाळी सातलाच सांगून गेलत्या, कन्नडमधनं. अंजब्याड वा, भ्यायचं काय न्हाय, बरी हुतीस म्हणून."

मी शेंग हातात धरून तिच्याकडे बघतच राहिले. "मग बोलली का नाहीस? मी दोन तास जीव काढत होते तिथं!"

तिनं टरफलं सुपात टाकली.

"सांगितलं असतं, तर तुमी उठून गेला असतासा."