आमच्या लग्नाबद्दल आलेली तक्रार

ऑस्ट्रेलियातून ईमेल आला तेव्हा मी टिटवाळ्याच्या घरी भात परतत होतो. बायको तिकडच्या एका हॉस्पिटलात नर्स. लग्नानंतर वर्षभरात ती गेली आणि तिचा जोडीदार म्हणून मलाही तिथे राहता यावं यासाठी आम्ही व्हिसाचा अर्ज केलेला. वाटलं, व्हिसाच आला. गॅस बंद केला, हात पुसले आणि मेल उघडला.

तुमचं लग्न फक्त परदेशात राहण्यासाठी केलेलं आहे, अशी माहिती आमच्याकडे आली आहे. गेल्या सुट्टीत तुमची पत्नी तीन आठवडे भारतात होती, त्यातले चारच दिवस तुमच्या घरी राहिली. चार आठवड्यांत खुलासा करा.

मी तिथेच ओट्याला टेकलो. चार दिवस हे खरं होतं. त्या सुट्टीत तिच्या आईचं ऑपरेशन झालेलं, म्हणून ती ठाण्याला माहेरी राहिलेली. मी रोज ऑफिसातून तिकडेच जेवायला जायचो.

तिला फोन लावून मेल वाचून दाखवला आणि म्हणालो, "तुझा चुलतभाऊच असणार. त्याला आपलं लग्न पहिल्यापासून खुपतंय."

ती म्हणाली, "अरे, तो तेव्हा बंगळूरला होता. मी टिटवाळ्याला किती दिवस राहिले हे त्याला कुठून कळणार? हे तुमच्या घरातलं कुणीतरी आहे."

घरात माझ्याशिवाय फक्त बाबा होते. मी चिडून फोन ठेवला.

बाबा जवळच्या मोहने गावातल्या कारखान्यातून निवृत्त झालेले. आई गेल्यापासून आम्ही दोघंच. या अर्जासाठी माझ्यापेक्षा जास्त तेच पळालेले. लग्नाच्या दाखल्यासाठी कल्याणला महापालिकेत तीन हेलपाटे त्यांनी घातले. फोटो निवडताना, "हा लाव, यात ती तुझ्याकडे बघून हसतेय," असंही तेच म्हणालेले.

ते गॅलरीत पेपर वाचत होते. मी मेल मराठीत सांगितला. आता शिव्या घालतील, कोण तो नालायक म्हणून विचारतील, असं वाटलं. त्यांनी पेपरची घडी घातली.

"एवढं होईल असं वाटलं नव्हतं रे."

"म्हणजे?"

"खालच्या मजल्यावरच्या मास्तरांकडून मीच इंग्रजीत लिहून घेतलं. वाटलं, अजून चार कागद मागतील, अजून एखादं वर्ष निघेल."

राग यायलासुद्धा वेळ लागला. ज्या माणसाने फोटो निवडले, त्यानेच हे लिहिलं?

"बाबा, जाऊ नको म्हणायचं ना मला."

"बायकोकडे निघालेल्या पोराला बाप असं सांगतो का कधी?"

दोन दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे. "चल, वकिलाकडे. मी लिहून देतो."

कल्याणला वकिलासमोर ते ताठ बसले. "लिहा. माझी तक्रार खोटी आहे. सुनेची आई आजारी होती, हे मला ठाऊक होतं. मुलगा जाऊ नये म्हणून मी हे केलं."

वकिलांनी हात थांबवला. "काका, शेवटचं वाक्य लिहायलाच हवं का?"

"हवं."

ते सही करायला वाकले. मी कागद धरून ठेवला. तेवढंच केलं.

व्हिसा पाच महिन्यांनी मिळाला. आता मला इथे येऊन दोन वर्षं होत आली. पहिलं वर्षभर बायको त्यांच्याशी बोलली नाही. मग एका रविवारी तिने स्वतःहून फोन लावला आणि त्यांच्या गुडघ्याचं विचारलं. आता दर रविवारी दोघं बोलतात, अर्धा-अर्धा तास. मला अजून तसं जमत नाही. मी हवापाणी विचारतो, औषधं विचारतो आणि फोन तिच्या हातात देतो.