ओला अंगठा

कोणताही कागद हातात आला की आमचे बडे बाबू तो आधी वाचत नसत. अंगठा जिभेला लावत आणि सहीवर घासत. शाई पसरली तर म्हणत, "असल आहे." नाही पसरली तर कागद असा सरकवत, की समोरच्याला तो खाली वाकून उचलावा लागे.

भंडाऱ्यात झेरॉक्सची मशीन नुकती आली होती. लोकांना वाटलं, चला, सुटलो. आमच्या कचेरीत कोण सुटतो? "मशीनचं काय घेऊन बसले," बाबू म्हणायचे, "थे तं खोट्याचीबी हुबेहूब काढते." त्यात तथ्य नव्हतं असं नाही, पण माणूस भारी खडूस. तुम्हीही पाहिले असतील असे. घरी म्हणे सुनेला चहा करून द्यायचे. देत असतील.

एकदा वरठीकडची एक बाई आली. नवरा आमच्याच खात्यात चपराशी होता, तो वारला. त्याच्या जागी हिला लागायचं होतं. पदरात दोन पोरी, दुसरा आधार नाही. चौथी पास असल्याचा दाखला लागत होता, तिने त्याची झेरॉक्स आणली. बाबूंनी अंगठा घासला.

"असल कुठी आहे?"

"घरी आहे बाबूजी. थे शाळा बंद पडली, दुसरा दाखला भेटत नाही. म्हनून पेटीत जपून ठेवला."

"मंग पेटीलेच नोकरी लावू का?"

सगळे हसले. दुसऱ्या दिवशी तिने असल आणला, पदरात गुंडाळून. बाबूंनी सवयीने अंगठा ओला केला आणि हेडमास्तरच्या सहीवर घासला, जरा जोरातच. सही गेली, नुसता निळा डाग राहिला. "असल आहे," बाबू म्हणाले. मग तोच कागद अर्जाला जोडून त्यांनी शेरा लिहिला: सही वाचता येत नाही.

"बाबूजी, तुमीच तं पुसली."

"कोनीबी पुसो. आता आहे का सही?"

मी शेजारच्या टेबलावरून म्हटलं, "अहो, तुमच्या हातून पुसली असं लिहा ना दोन ओळी."

"काहून? तिच्या नोकरीपायी माही घालवू?"

साहेब बाबूंचा शेरा वाचत नसत, खाली सही करत. अर्ज नामंजूर झाला. बाई काही दिवस व्हरांड्यात येऊन बसायची, मग यायची बंद झाली. बाबूंनी तिचं नावही काढलं नाही. हलकट म्हणतात तो हाच माणूस, दुसरा शब्द माझ्याजवळ नाही.

रिटायर झाल्यावर थोड्याच वर्षांत बाबू वारले. त्यानंतर ती बाई मला वरठी स्टेशनच्या मालधक्क्यावर दिसली, डोक्यावर पाटी घेऊन. तिनेच ओळखलं.

"थे बाबूजी आहेत का?"

"गेले."

तिने पाटी खाली ठेवली. "लई हाल झाले का त्याइचे?"

"नाही. जेवले, झोपले, सकाळी उठलेच नाहीत."

"झोपेत?"

तिचा चेहरा उतरला. ती माझ्याकडे पाहत राहिली, अजून काही सांगेन म्हणून. तिने पाटी उचलली आणि गेली.