दर सेकंदाला विचारणारा

आमच्या इमारतीत कुणी कुणाला तोंडावर बोलत नाही. तळघरात सगळ्यांचं मिळून एक धुलाईघर आहे. यंत्राची जाळी कुणी साफ केली नाही, तर दारावर चिठ्ठी लागते. खाली सही नसते, उद्गारचिन्हं मात्र सढळ हाताने असतात. इंगवे सांडेल याच संस्कारांत वाढला.

बंदराच्या कचेरीतून निवृत्त झाल्यावर त्याने एक फुकट फीड सुरू केलं. आमच्या बेटावरून शहराला जाणारी बोट बर्फामुळे रद्द झाली, की लोकांच्या फोनवर आपोआप बातमी यायची; हवं तर मधेच विचारूनही घेता यायचं. सगळा कारभार कोटांच्या कपाटातल्या एका जुन्या संगणकावर. तिसऱ्या मजल्यावरची मायकेन त्याच्याच भरवशावर घराबाहेर पडायची. तिचा नवरा शहरातल्या रुग्णालयात होता आणि तिच्याखेरीज कुणाच्या हातून जेवत नव्हता.

जानेवारीत फीड धापा टाकू लागलं. बातमी पोचेपर्यंत मायकेन धक्क्यावर गोठून परत आलेली असायची. इंगवेने नोंदी तपासल्या. कुणाचं तरी एक यंत्र दर सेकंदाला विचारत होतं, काही नवीन? त्याला उत्तरं देण्यातच जुना संगणक दमत होता. बोट दिवसातून चारदाच सुटते.

"तोडून टाक की त्याला," मी म्हटलं.

"आणि तिकडेही एखादी मायकेन असली तर? आधी सांगून बघतो."

सांगून बघतो म्हणजे अर्थातच चिठ्ठी. फीडमध्ये सगळ्यात वर झळकली: 'दर सेकंदाला विचारणाऱ्यास! विचारल्याने बोट लवकर सुटत नाही! इतरांचाही विचार करा!!'

परिणाम झाला. दिवसातून दोनदा विचारणाऱ्या सज्जनांनी माफी मागितली. एका म्हातारीने तर फीडच सोडलं. गुन्हेगार तेवढा ढिम्म.

"शुक्रवारी फीडच बंद करतो," इंगवे म्हणाला.

"कर बाबा," मायकेन म्हणाली, "मी धक्क्यावर तंबू ठोकते."

गुरुवारी तो कपडे धुवायला खाली गेला. धुलाईघराच्या भिंतीवर टीव्हीसारखा नवा पडदा होता, बोटीच्या वेळा दाखवणारा, आणि पडद्यावर त्याचीच चिठ्ठी. शेजारी सोसायटीचा अध्यक्ष स्टेलान मोजे जुळवत उभा.

"नाताळात बसवला," स्टेलान म्हणाला. "दर सेकंदाला ताजा होतो. शिळी माहिती काय कामाची?"

"आणि ही चिठ्ठी वाचलीस?"

"रोज वाचतो! झकास लिहिलीय. शेजारच्या लिंडक्विस्टसाठी असणार. धक्क्यावर सारखा विचारून डोकं खातो."

इंगवेने आयुष्यात जे केलं नव्हतं ते केलं.

"स्टेलान, तो तू आहेस."

स्टेलानने जन्मात इतका अपमान सोसला नव्हता, पण पडदा त्याने मुकाट्याने अर्ध्या तासावर आणला. शुक्रवारी बोट रद्द झाली. मायकेनला बूट चढवण्याआधी कळलं आणि तिने रुग्णालयात फोन करून नवऱ्याला दोन घास खायला लावले.

शनिवारी इंगवेच्या दारावर चिठ्ठी होती: 'पडद्यावरची माहिती हल्ली शिळी असते! संबंधितांनी लक्ष द्यावे!!'

सही नव्हती. इंगवेने ती वाचली, घडी घातली आणि कपाटाचं दार डुगडुगू नये म्हणून फटीत खोचली. आत संगणक चालूच होता.