आधी आवाज, मग हात

मुलं क्लासला येताना काहीतरी घेऊन येतात आणि जाताना हमखास विसरून जातात. पाण्याची बाटली, एक मोजा, बेल्ट. एकदा तर एक पोरगी सख्खा धाकटा भाऊ विसरून गेली! बाटल्या दुसऱ्या दिवशी कुणाची तरी आई येऊन नेते. भावाला अर्ध्या तासात नेलं. किस्से मात्र परत न्यायला कुणी येत नाही. ते माझ्याकडंच पडून राहतात, आणि बारा वर्षांत ढीग झालाय!

कोल्हापुरात शाहूपुरीत स्पेअर पार्टच्या दुकानावर आमचा हॉल. दिवसभर मी एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरी करते आणि संध्याकाळी तिथं कराटे शिकवते. येणाऱ्या निम्म्या मुलांना मेडलशी काही देणंघेणं नसतं. शाळेत कुणी डबा पळवतं, व्हॅनमध्ये कुणी चिमटे काढतं, कुणी ‘जाड्या’ म्हणून हाक मारतं, म्हणून ती येतात. पहिला महिना मी लाथ-बुक्की शिकवतच नाही. ताठ उभं राहायचं, समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं आणि पोटातून आवाज काढून म्हणायचं, “थांब! मला हे आवडत नाही!” तरी ऐकलं नाही, तर तिथून निघायचं आणि मोठ्या माणसाला सांगायचं. आधी आवाज, हात सगळ्यात शेवटी.

ऐकायला किती सोपं वाटतं, नाही?

* * *

पहिल्याच वर्षी विराज नावाचा मुलगा यायचा. त्याला सोडायला आजोबा. आयुष्य तालमीत घालवलेले पैलवान. दारात खुर्ची टाकून बसले की अख्खं दार बंद!

मुलं रांगेत उभी राहून हवेत ठोसे मारत होती. दहा मिनिटं आजोबांनी कळ काढली. मग मला म्हणाले, “बाई, समोर माणूस कुठाय?”

“आजोबा, समोर माणूस आहे असं समजायचं.”

त्यांनी जरा विचार केला.

“मग त्यो पडला असं समजा, आणि पोरास्नी घरला सोडा की!”

* * *

स्वराली आठ वर्षांची. आवाज इतका बारीक, की हजेरीला तिनं ‘येस मॅडम’ म्हटलेलं फक्त शेजारच्या मुलीला कळायचं. शाळेत सायली नावाची मुलगी रोज हिची कंपास घेऊन पळायची. ही ‘दे ना’ म्हणायची, पण ते ऐकू जायला तर पाहिजे!

मी तिला होमवर्क दिला. रोज वीस वेळा हात पुढं करून जोरात ‘थांब!’ म्हणायचं. घरात बाळ झोपलेलं, म्हणून आईनं तिला फाटकाबाहेर पिटाळलं. ही रस्त्याकडेला उभी राहिली. पहिले पाच-सहा ‘थांब’ मांजरीलाही ऐकू गेले नसतील. मग हळूहळू गळा मोकळा झाला. चौदाव्या ‘थांब’ला समोर करकचून ब्रेक लागला.

सिटी बस! तिथं स्टॉप नाही, काही नाही. मोठी माणसं हात हलवून दमतात तरी जी थांबत नाही, ती बस थांबली! ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, “चढ की लवकर! मागं लाईन लागलीया!”

स्वराली धूम घरात पळाली. आई दुसऱ्या दिवशी तक्रार घेऊन आली, पण स्वरालीचे डोळे चमकत होते. मी विचारलं, “आणि कंपासचं काय झालं गं?”

“मिळाली की!” ती म्हणाली. “एवढी मोठी बस थांबली, सायली न्हाय व्हय थांबणार?”

* * *

ओमच्या वडिलांचं आल्या दिवसापासून एकच मागणं. “मॅडम, पोरगं मार खाऊन येतंय. मला मारून येणारं पाहिजे!”

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. त्यांचा चेहरा काही पटल्यासारखा दिसला नाही. महिन्याभरानं जिना दणादणा वाजवत वर आले.

“हे काय शिकवलंय तुम्ही? काल अभ्यासावरनं मी जरा आवाज चढवला. तर हे पोरगं ताठ उभं राहिलं, डोळ्यांत बघितलं आणि म्हणतंय, ‘पप्पा, थांबा. मला असं बोललेलं आवडत नाही!’ बापाला!”

मी जरा घाबरतच विचारलं, “मग तुम्ही काय केलंत?”

ते खुर्चीत बसले. मग म्हणाले, “थांबलो की!”

* * *

एकदा एक आई मुलाला घेऊन आली. “ह्याला शाळेत सगळी त्रास देतात हो!”

मुलगा आत आला आणि रांगेतली काही मुलं दोन पावलं मागं सरकली. त्या शाळेतली चार मुलं आमच्याकडं होती, आणि ती ज्याच्यामुळं आमच्याकडं आली होती, तो हाच! नाव अथर्व. आता काय करायचं? त्याची आई दारातच बसलेली. घेतला रांगेत.

त्या दिवशी आमचा सराव असा होता, की एकानं त्रास देणाऱ्याचं काम करायचं आणि दुसऱ्यानं त्याला थांबवायचं. मी विचारलं, “त्रास देणारा कोण होतंय?” चार बोटं एकदम अथर्वकडं वळली.

तो पुढं आला खरा, पण आईसमोर त्याला काही सुचेना. नुसता हात चोळत उभा. शेवटी रडवेल्या आवाजात म्हणाला, “मॅडम, मला हे येत नाही.”

मागून एक जण मनापासून धीर द्यायला लागला, “असं काय करतोस? शाळेत तर किती भारी करतोस!”

* * *

बेल्टच्या परीक्षेला बाहेरगावचे एक सर आले होते. आमच्याकडं मुलीपण ‘आलो-गेलो’च म्हणतात, हे त्यांना नवीन. त्यांनी नऊ वर्षांच्या गार्गीला विचारलं, “तीन मोठी मुलं अंगावर आली, तर काय करशील?”

“पळतो.”

“बरोबर. आणि चार आली तर?”

गार्गीला त्यांची कीव आली असावी. “सर, मी तिघांना बघूनच पळालो की. मागनं चौथा आला, ते मला कसं कळणार?”

* * *

माझी फजितीही सांगून टाकते. एका रविवारी बावीस मुलांना घेऊन आम्ही पन्हाळ्याला गेलो होतो. पळणं, सराव सगळं झालं आणि भाजक्या कणसांच्या गाड्यावर लाईन लावली. तेवढ्यात एक धिप्पाड पावणं सरळ माझ्यापुढं घुसलं.

“अहो... लाईन आहे,” मी म्हणाले. तेही पुटपुटतच. बारा वर्षं दुसऱ्यांच्या मुलांना आवाज काढायला शिकवतेय, पण ऑफिसात, दुकानात, बसमध्ये माझा स्वतःचा आवाज कायम घशातच अडकतो. त्या माणसानं मानसुद्धा वळवली नाही.

मागून कुणीतरी माझी बाही ओढली. आमच्यातली सगळ्यात धाकटी, पहिलीतली रेवा. कुजबुजली, “मॅडम, पोटातून!”

आता काय इलाज! मी पाय रोवले आणि ओरडले, “थांबा!”

आणि सवयीनं माझ्या मागं बावीस पाय एकदम आपटले, “मला हे आवडत नाही!!”

पावणं कणीस न खाताच गेलं.

* * *

सानिका हुपरीची. पाचवीतली. वडील घरीच चांदीची पैंजणं करतात. दर शनिवारी माल घेऊन एसटीनं कोल्हापूरला येतात, तेव्हा तिला आमच्या हॉलवर सोडतात.

सानिका बोलताना अडखळते. वर्गात वाचायला उभी राहिली की मुलं तिची नक्कल करायची. एकदा तर पंधरा दिवस ती शाळेतच गेली नाही. वडिलांनी पहिल्या दिवशी जिन्यात थांबून मला हळूच सांगितलं, “मॅडम, मारामारी न्हाय शिकवली तरी चालंल. घरात पैंजणाला घुंगरं जोडाय बसली की तास-तास एक शब्द न्हाय. तेवढी बोलाय लागली तरी बास.”

ठोसे, लाथा, पवित्रे सगळं ती झटक्यात शिकली. पण सगळी ‘थांब!’ म्हणून ओरडायची, तेव्हा हिचे ओठ घट्ट मिटलेले. मी म्हटलं, “नको म्हणूस. नुसता हात पुढं केलास तरी चालेल.” सात महिने ती नुसता हात पुढं करत होती.

एका शनिवारी क्लासला एक नवीन मुलगा आला. सरावाला जोडी लावताना तो तिच्यासमोर आला. त्यानं तिला खांद्यानं ढकलायचं आणि तिनं त्याला थांबवायचं. त्यानं ढकललं. तिनं हात पुढं केला आणि त्या दिवशी काय वाटलं कुणास ठाऊक, तोंडही उघडलं.

“थ-थ-थ-थ-थ...”

“थ-थ-थ!” त्यानं नक्कल केली. मागं दोघं-तिघं हसले.

माझं डोकं फिरलं. मी तरातरा त्याच्याकडं निघाले. तर सानिकानं दुसरा हात माझ्याकडं केला.

“म-मॅडम, त-तुम्ही थ-थ-थांबा.”

मी जागच्या जागी थांबले. हॉलमध्ये एकही पोर हलेना.

सानिका त्या मुलाकडं वळली. डोळ्यांत बघितलं. कसली घाई नाही.

“च-चुकलं,” ती म्हणाली. “तू त-तीनदाच म्हणलास. म-माझं पाच असत्यात. प-परत म्हण.”

मुलानं माझ्याकडं बघितलं. मी पंख्याकडं बघितलं.

त्यानं तोंड उघडलं. “थ-थ... थ... थ...” मध्येच जीभ अडकली. कान लाल झाले. कुणी हसलं नाही.

“जमंना,” तो खाली बघत म्हणाला.

सानिकानं बेल्टची गाठ घट्ट केली.

“र-रोज ये,” ती म्हणाली. “ज-जमंल.”