नागव्वाचा बिनहुकाचा ब्लाउज

काव्या सासूच्या खोलीत यायची ती बरोबर सव्वासातला, नवरा नंदीश चिंचोळीच्या कारखान्याच्या बसला गेला की. नागव्वाचा उजवा हात धरायची, ब्लाउजच्या बाहीत कोंबायची आणि उरलेला ब्लाउज पाठीवरून असा ओढायची की म्हातारीच्या डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. "दुखतंय गं!" म्हटलं तर "मग राहू दे?" एवढंच विचारायची.

नागव्वाचा उजवा खांदा आखडून चार महिने झाले होते. चाळीस वर्षं सोलापुरातल्या बायकांचे ब्लाउज शिवणाऱ्या बाईला स्वतःचा ब्लाउज घालता येईना. हात कमरेपर्यंत चाले, त्यामुळे मशीन चाले; वर मात्र काही केल्या जाईना. आणि घालून देणारी कोण, तर काव्या, जिला लग्न झाल्यापासून सहा वर्षं नागव्वानं त्या मशीनला बोट लावू दिलं नव्हतं. गिऱ्हाइकांसमोर म्हणायची, "हिच्या हाताला हुक-काजंच बरी." काव्या ते विसरली नव्हती, आणि का विसरावं?

काही झालं तरी या बाईचा हात अंगाला लागू द्यायचा नाही, असं नागव्वानं ठरवलं. कॉलेजातल्या एका पोरीनं शिवून नेलेल्या टॉपचं पेपर कटिंग, म्हणजे मापाचा कापलेला कागद, तिच्याकडे पडून होतं. होजिअरीच्या कापडाचा टॉप, पुढचे दोन भाग एकमेकांवर घेऊन कमरेला बंद बांधायचा. हुक नाही, काज नाही. साडीवर कोण बघतंय? सात रस्त्याजवळच्या दुकानातून ती जांभळं कापड आणि होजिअरीची सुई घेऊन आली.

आणि पहिल्याच झटक्यात चुकली. ब्लाउजवालीच ती! अंगापेक्षा जास्त कापड आत सोडायचं, बाई पुढे सुटली की उसवून सैल करता यावं, हा चाळीस वर्षांचा हात. होजिअरी मुळात ताणते, ती अंगापेक्षा कमीच कापावी लागते. टॉप गोणपाटासारखा लोंबला. वाकली की पुढून सगळा उघडा.

"कसा झालाय?" तिनं न राहवून विचारलं.

"छान बसलाय की, अत्ती," काव्या म्हणाली.

सहा वर्षांत सुनेनं तिच्या शिवणाला छान म्हटलं नव्हतं. नागव्वा आरशाकडे पाठ करून उभी राहिली आणि मान वळवून बघितलं. पाठभर चुण्या. खोटारडी कुठली!

तिनं सगळं उसवलं. पेपर पुन्हा पसरला, दोन्ही कुशींना कमी केलं. पुढच्या तिरक्या कडेवर अर्ध्या इंचाची घडी मारली, म्हणजे कड आखूड होऊन अंगाला धरेल. मग खरी गोम कळली. पेपरातली बाई दोन्हीकडून सारखी होती, नागव्वा नव्हती. मशीनवर वाकून वाकून तिचा उजवा खांदा पाऊण इंच खाली आला होता. येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना ती तोंडावर सांगायची, "तुमचा एक खांदा उतरलाय बघा." स्वतःचा कधी मोजलाच नव्हता. तिला वाईट वाटलं, आणि लगेच त्या वाईट वाटण्याचाच राग आला. तिनं उजवा खांदा उतरवून कापला, हात सहज शिरावा म्हणून मुंढा खोल केला आणि दातओठ खात शिवून टाकलं.

गुरुवारी सव्वासातला काव्या आली तेव्हा नागव्वा खाटेवर तयार बसली होती. बाही सरकन चढली होती, बंद कमरेला बांधलेला, एक चुणी नाही.

"तुझं हितं काय काम न्हाय," ती म्हणाली. किती दिवस हे वाक्य तिनं तोंडात घोळवलं होतं!

काव्यानं तिला पुढून पाहिलं, मागून पाहिलं. या वेळी छान म्हणाली नाही. "सगळं आपलं आपल्याला येतंय की," म्हणाली, "मग आजपासून भाकरीबी तुमची तुमीच करा."

"करीन की! मला काय हात न्हाईत?"

दुपारपर्यंत काव्यानं पिठाचे दोन डबे केले, मिठाची बरणी वेगळी काढली, तवा वेगळा. नागव्वाची भाकरी जाड झाली, एका बाजूनं करपली. तिनं ती गिळली. नाव ठेवायला कुणी नव्हतं, हेच तिला जास्त लागलं.

संध्याकाळी नंदीश आला. हातपाय धुऊन स्वयंपाकघरात गेला, दोन डबे बघितले, दोन तवे बघितले. बायकोकडे बघितलं, आईकडे बघितलं.

"ब्लाउज छान झालाय की, अव्वा," तो म्हणाला, आणि काव्यानं वाढलेल्या ताटावर जाऊन बसला.