सनईच्या तबकडीतली बाई

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की उठून चहा टाकायला जाणारा माणूस मी. आजही माझा अशा कशावर विश्वास नाही... पण हा एक प्रसंग मला अजून उलगडलेला नाही, म्हणून लिहितोय.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी टेलिफोन खात्यात होतो, नागपुरात महाल भागात दोन खोल्यांत राहायचो. मोठी बहीण कुसुमताई उमरेडला. भाऊजी तिथल्या कोळसा खाणीत. भाऊजी तापात गेले आणि ताई माझ्याकडे आली – एक ट्रंक आणि ग्रामोफोनच्या तबकड्यांची पेटी घेऊन. एरवी दिवसभर गुणगुणणारी ताई, पण भाऊजी गेल्याला वर्ष होत आलं तरी कामापुरतंच बोलायची. गाणं तर बंदच.

एक दिवस म्हणाली, "ह्या तबकड्या विकून टाक गा. मले नाही ऐकायच्या."

इतवारी बाजारात भांड्यांच्या दुकानांच्या ओळीमागे सुखदेवजींचं दुकान होतं. जुन्या तबकड्या घेऊन ते पुढे विकायचे. त्यांनी पेटी ठेवून घेतली. दोन-तीन दिवसांनी निरोप आला – एक तबकडी खराब आहे, परत न्या.

गेलो तर सुखदेवजी तापलेले. "सनईची म्हणून दिली तुम्ही, अन् आत बाई गाऊन राहिली. लेबल बदलवलं काय?"

"काहीतरीच काय! सनईचीच आहे ती."

"मंग ऐका नं."

त्यांनी ग्रामोफोनला चावी भरली, सुई ठेवली. सनई सुरू झाली... आणि तिच्या मागून एक बाई हळू आवाजात गायला लागली. मध्येच शब्द विसरली आणि हसली.

ते हसू ताईचं होतं.

मी तबकडी घरी आणली. ताई देवळात गेली होती, तेवढ्यात शेजाऱ्यांच्या मशीनवर लावली. नुसती सनई! पुन्हा लावली – तरी सनईच. दुसऱ्या दिवशी दुकानात घेऊन गेलो, तर पुन्हा ती बाई. आमचं चांगलंच वाजलं. ते म्हणत होते मी फसवतोय, मी म्हणत होतो तुमच्या मशीनमध्ये काहीतरी गडबड आहे. पण चावीचं मशीन ते. ना वायर, ना वीज. दुसरा आवाज शिरणार कुठून?

शेवटी ताईला सगळं सांगितलं. वाटलं होतं चिडेल. ती शांतपणे म्हणाली, "चाल, मले ऐकू दे."

रिक्षाने गेलो. सुखदेवजींनी स्टूल दिलं, तबकडी लावली. ताई स्टुलावरून पुढे वाकली. "हे शब्द माझे होत," ती पुटपुटली. "खाणीच्या क्वार्टरमध्ये ही तबकडी लागली की मी म्हणत होती. यायच्यासमोर." म्हणजे भाऊजींसमोर. पण तिचा आवाज कधी कुणी रेकॉर्ड केला नव्हता. त्यांच्या घरी तसं काही साधनच नव्हतं.

तबकडीतली बाई शब्द विसरली, हसली. आणि या वेळी पुढे एक पुरुषाचा आवाज आला, अगदी जवळून –

"थांबली काहून वं? म्हण नं."

भाऊजींचा आवाज. मी शपथेवर सांगतो.

ताईने डोळे मिटले आणि विसरलेल्या शब्दापासून गायला लागली. आधी फाटका, मग मोकळा होत गेलेला आवाज. गल्लीतले हमाल हातगाडी थांबवून उभे राहिले. ताईचा आवाज चढत गेला तशी तबकडीतली बाई विरत गेली. शेवटी उरली फक्त सनई आणि माझी बहीण.

सुखदेवजींनी सगळी पेटीच रिक्षात आणून ठेवली. "घेऊन जा ताई. या विकाच्या नाहीत."

त्यानंतर ताई पुढच्या खोलीत मुलींना गाणं शिकवू लागली. पुढे एका शाळेत संगीत शिक्षिका म्हणून लागली आणि तिथूनच रिटायर झाली.

ती तबकडी मी कितीतरी मशीनवर लावून पाहिली, सुखदेवजींच्याही. नुसती सनई.

एकदा ताईलाच विचारलं, तुला काय वाटतं, ते काय होतं? ती तबकड्यांची पेटी पुसत होती.

"मले काहून विचारून राहिला?" ती म्हणाली. "त्यायनं 'म्हण' म्हटलं, मी म्हटलं."